प्रभावतीचे दहा दिवस

प्रभावती मोघे वैशाखातल्या एका दुपारी गेली. त्या वेळी तिचा नवरा देवदत्त स्टेशनच्या पार्सल ऑफिसात पोलिसांच्या कुत्रीकडून खोकी हुंगवून घेत होता. थोरले भाऊ विष्णुपंत रिक्षाने आले, कुत्रीपासून दहा हात लांब उभे राहिले आणि म्हणाले, "दत्तू, ते जनावर कुणाच्या तरी हातात दे आणि चल. प्रभा गेली."

देवदत्तने पट्टा जोडीदार शिपाई लल्लन यादवच्या हातात दिला. "पानी हम आके देंगे," असं सवयीने म्हणाला आणि रिक्षात बसला. रिक्षा चौकातल्या गर्दीत अडकली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आता परत यायचं नाही. निदान दहा दिवस तरी नाही.

मोघ्यांचं घर बनारसला, मंगला गौरी भागात, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की डाव्या हाताला. चार पिढ्यांची भिक्षुकी. देवदत्तला मात्र संहिता पाठ होईना आणि इंटरची परीक्षाही दोनदा हातची गेली. शेवटी वडिलांच्या एका यजमानाने त्याला पोलिसात चिकटवलं. तिथे श्वानपथकात जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून याला ढकललं. घरात त्याचा पगार कुणी नाकारला नाही. पण संध्याकाळी तो परतला की अंगणातल्या नळाखाली अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ केल्याशिवाय त्याला ओटीवर पाय ठेवता येत नसे. इंदूवहिनी आतून ओरडायच्या, "भावजी आले गं, लोणच्याची बरणी आत घ्या!"

त्याची खाकी प्रभावती वेगळ्या डब्यात उकळून धुवायची. त्या कपड्यांना म्हशीच्या मांसाचा वास यायचा. तो वास घरात सगळ्यांना यायचा आणि कुणालाच येत नसे.

कुत्रीचं नाव रोझी. पिवळी लॅब्राडोर, बॉम्ब हुडकायला शिकवलेली. लॅब्राडोर ही जात मुळातच हावरी. ट्रेनिंगहून आली त्या आठवड्यात तिने लल्लनचा साबण, त्याची अर्धी चप्पल आणि बॅरकीतल्या हनुमानाचा प्रसाद, पुड्याच्या कागदासकट, खाऊन टाकला होता. अशा कुत्रीला देवदत्तने परक्या हातचं न खाणं शिकवलं. पोलिसातल्या कुत्र्याला ते शिकवावंच लागतं, कारण कुणीही विष घातलेला तुकडा टाकू शकतो. शिकवण्याची रीत सोपी आहे. परक्या माणसाने मांसाचा तुकडा पुढे करायचा, आत तिखट भरलेलं असायचं. तोंड भाजलं की वर एक वेताचा फटका. असं महिना दीड महिना. शेवटी रोझीसमोर कच्च्या मांसाची परात ठेवली तरी ती हलत नसे. जबड्यातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबायची आणि डोळे देवदत्तच्या तोंडावर असायचे. तो "खा" म्हणाला की मगच. लखनौच्या स्पर्धेत याच कसोटीत तिला तीनदा पदक मिळालं.

तिला दोनच हात चालायचे, एक देवदत्तचा आणि दुसरा लल्लनचा. प्रत्येक कुत्र्याला दोन माणसं असतात. एक आजारी पडला तर दुसरा हवा, म्हणून.

यातला दुसरा हात देवदत्तने स्वतः तोडला होता.

दोन वर्षांपूर्वी प्रभावतीची मूत्रपिंडं कामातून गेली. आठवड्याला दवाखाना सुरू झाला, आणि नेमकी तेव्हाच ऑर्डर निघाली की रोझीला एका माणसाबरोबर गोरखपूरला पाठवायचं. देवदत्तला बनारस सोडता येणार नव्हतं. म्हणजे रोझी लल्लनबरोबर जाणार. देवदत्तने कुणाला काही सांगितलं नाही. लल्लनचा घामाने भिजलेला गमछा त्याने दोरीवरून काढला आणि पंधरा दिवस, लल्लन सुटीवर असताना, रोझीला तिखट भरलेलं मांस त्या गमछ्यात ठेवून दिलं. पाण्याच्या वाडग्याला तो गमछा गुंडाळला आणि पाण्यात तिखट कालवलं. तिने तोंड लावलं की वेत. आधी ती लल्लनचा वास आला की शेपटी हलवायची. पंधरा दिवसांनी तोच वास आला की भिंतीकडे तोंड करून बसायला लागली.

लल्लन परत आला. तीन दिवस त्याच्या हातून ती काही खाईना, पिईना. चौथ्या दिवशी ऑर्डर रद्द झाली. लल्लन रडवेला झाला होता. "जनावर है, किसी से नाराज हो गई तो हो गई," देवदत्तने त्याची समजूत काढली.

हे त्याने फक्त प्रभावतीला सांगितलं, तेही जरा फुशारकीने.

ती पलंगावर पडून होती. डॉक्टरांनी तिला दिवसाला तीन पेले पाणी नेमून दिलं होतं आणि ते देवदत्तच मोजून द्यायचा. ती म्हणाली, "म्हणजे मला मोजून पाणी, आणि तिला तुमच्या हातूनच पाणी. दोघींनाही चांगलं बांधलंत."

"अगं, तिला सोडून कसं..."

"रोजाबाई जेवल्या का आज?"

"जेवली."

"मग आता मला वाढा."

ती त्याला असं बोलायची, आणि तो हसायचा. सुरुवातीला तीही हसायची. शेवटच्या महिन्यात मात्र एकदा तिने त्याचं मनगट धरलं. बोटं सुजलेली होती, तरी घट्ट धरलं. "बावीस वर्षांत तुमचा एक सबंध दिवस मला मिळाला नाही. मी मेले की दहा दिवस मात्र माझे. त्या दहा दिवसांत तिच्याकडे जायचं नाही, तिला शिवायचं नाही. कबूल?"

"असं अभद्र काय बोलतेस?"

"कबूल की नाही?"

तो कबूल म्हणाला. तिला पाणी हवं होतं आणि त्या दिवसाचे तीन पेले संपले होते, म्हणून तो लगेच कबूल म्हणाला.

त्यांना मुलगा नव्हता. मुक्ता एकटीच, बीएच्या पहिल्या वर्षाला. म्हणून अग्नी देवदत्तनेच दिला आणि क्रियेलाही तोच बसला. जो क्रियेला बसतो त्याने वेगळं राहायचं, जमिनीवर निजायचं, एक वेळ तेलतिखटाशिवायचं हविष्य खायचं, कुणाला शिवायचं नाही. रोज सकाळी घाटावर एक पिंड द्यायचा. गुरुजींनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं, की प्रत्येक पिंडाने मेलेल्या माणसाचा एकेक अवयव तयार होतो. पहिल्याने डोकं, मग मान, खांदे, असं करत नवव्या दिवशी पाय. दहाव्या दिवशी त्या नव्या शरीराला भूक आणि तहान लागते आणि त्या दिवशीच्या पिंडाने, पाण्याने ती भागते. मध्ये खंड पडला तर शरीर अर्धवट राहतं.

"दहाव्या दिवसापर्यंत तिला पाणी पोचत नाही?" देवदत्तने विचारलं.

"तहानच दहाव्या दिवशी लागते हो," गुरुजी म्हणाले.

देवदत्तला ते पटलं नाही. तिला तहान आधीपासूनच होती. दोन वर्षं होती.

तिसऱ्या दिवशी लल्लन घाटावर आला. देवदत्त आंघोळ करून ओल्या पंचाने बसला होता, डोक्याचा गोटा केलेला. लल्लनने लांबूनच हात जोडले.

"भौजाई का सुनके बहुत दुख हुआ, पंडितजी." मग म्हणाला, "रोझी कुछ खा नहीं रही. पानी भी नहीं."

"भूख लगेगी तो खा लेगी."

"लॅब्राडोर है, पंडितजी. ये तो हमारी चप्पल खा गई थी. तीन दिन कैसे रह रही है?"

देवदत्तच्या तोंडावर आलं होतं. गमछ्याची गोष्ट सांगायला दोन वाक्यं लागली असती. पण मग ती साहेबांच्या कानावर गेली असती, चौकशी लागली असती. सरकारी कुत्री आपण खराब केली, असं लिहून आलं असतं. आणि हा माणूस, जो दोन वर्षं कुत्रीने आपल्याला का टाकलं म्हणून झुरतो, तो काय म्हणाला असता? देवदत्तने मनात हिशेब केला. कुत्रं अन्नावाचून दहा दिवस सहज काढतं. लादी धुतली की ओल चाटेल. लल्लनला तो म्हणाला, "डॉक्टर को बोलो सलाइन लगा दे. मुँह बाँध के. सात दिन की बात है."

लल्लन गेला. विष्णुपंत वरच्या पायरीवरून सगळं ऐकत होते.

"कुत्रीला सुतक लागलं म्हणायचं," ते म्हणाले. त्यांना ते विनोदी वाटलं असावं, कारण त्यांनी ते घरी जाऊन इंदूवहिनींनाही सांगितलं.

पाचव्या दिवशी मुक्ताने आपला टेपरेकॉर्डर ओटीच्या कडेला आणून ठेवला. ती त्याच्यापासून चार हात लांब बसली, कारण शिवायचं नव्हतं.

"बाबा, इसमें बोलो. आवाजाला काही सुतक नसतं ना? काकांना विचारलं मी."

"काय बोलू?"

"जो रोज बोलते हो."

देवदत्तने घसा साफ केला. "रोझी," तो म्हणाला. "रोझी, खा." तीनदा म्हणाला. तिसऱ्या वेळी आवाज फाटला, म्हणून मुक्ताने परत घेतलं. मग ती सायकलवर पोलीस लाइनीत गेली आणि दुपारची परत आली. तोंड लाल झालं होतं. गरम वाऱ्याची लू सुटली होती.

"खाल्लं?"

मुक्ता खांबाला टेकून बसली. "पहले तो उठी. शेपटी अशी हलवत होती की सगळं अंग हलत होतं. टेपच्या मागे बघितलं. मग दाराच्या मागे. लल्लनचाचांच्या मागे. मग जाळीचं दार खरवडायला लागली. नख टूट गया, बाबा. रक्त आलं, तरी खरवडत होती. चाचांनी टेप बंद केला तेव्हा येऊन टेपसमोर बसली."

"आणि वाडगा?"

"हात भी नहीं... म्हणजे तोंडसुद्धा नाही लावलं."

"परत लावायचा होता."

"चार वेळा लावला," मुक्ता म्हणाली. "चारों बार वही किया."

टेप मुक्ताने आत नेला. देवदत्तने पाचवा पिंड सकाळीच दिला होता. इंदूवहिनींनी त्याच्यापुढे पत्रावळ लांबून सरकवली. "भावजी, चार घास खा. तुमच्या पोटात गेलं तर तिला पोचेल." त्या प्रभावतीबद्दल बोलत होत्या. देवदत्तने सगळं खाल्लं. त्याला भूक लागली होती आणि त्याची त्याला लाज वाटली.

सातव्या दिवशी मुक्ताच्या डोक्यात आलं, की वास हवा. प्रभावती गेली त्या दिवशीचा देवदत्तचा खाकी शर्ट नळाजवळच्या खुंटीला तसाच होता. तो धुणारी नव्हती, म्हणून राहिला होता. मुक्ताने तो पिशवीत घातला आणि लल्लनकडे पोचवला.

आठव्या दिवशी लल्लन घाटावर आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. या वेळी त्याने नमस्कार केला नाही.

"आपका शर्ट पहन के गया था," तो म्हणाला. "बाँह सूँघी. ऐसे मुँह घुसाया बाँह में कि हम तो रो पड़े, पंडितजी. फिर हमने रोटी आगे की. हमारा हाथ देखा और..." त्याने पट्टी दाखवली. "चौदह इंजेक्शन. पेट में. आज से शुरू है."

देवदत्तने त्या पट्टीकडे पाहिलं.

"पानी नहीं पीती, लार टपकती है, आदमी को काटा. डॉक्टर ने लिख दिया, पागल है. अब सलाइन लगाने भी कोई भीतर नहीं जाता. साहब ने कागज पे साइन कर दी. परसों दोपहर तक टाइम दिया है, वो भी आपके लिहाज से." लल्लन दोन पायऱ्या खाली आला. "एक बार चल के साहब के सामने पानी पिला दीजिए. बस. पागल कुत्ता पानी नहीं पीता. वो पी लेगी तो कागज फट जाएगा. एक घंटे का काम है."

"लल्लन," देवदत्त म्हणाला, "वो पागल नहीं है. तुम्हारे हाथ का नहीं खाएगी. हमने सिखाया है."

मग त्याने सगळं सांगितलं. गमछा, तिखट, वेत, पंधरा दिवस. सांगताना तो गंगेकडे बघत होता. एक नाववाला प्रवाशांना ओरडून घाटांची नावं सांगत चालला होता.

लल्लन एक पायरी मागे सरला. मग खालीच बसला.

"हमारे गमछे में?"

"हाँ."

"और हम दो साल से बजरंगबली को लड्डू चढ़ा रहे हैं, कि हमसे क्या गलती हुई." त्याने पट्टीचा हात मांडीवर ठेवला. "चलिए. अभी चलिए. बाकी हिसाब बाद में."

देवदत्तचे गुडघे उठण्याच्या बेतात होते. तेवढ्यात वरून विष्णुपंत म्हणाले, "दत्तू, आज आठवा." ते रागावून बोलले नव्हते. उलट आवाज मऊ होता. "आज तिचे गुडघे झाले. तू आत्ता कुत्रीला शिवलास तर आठही दिवस वाया. मी तुला धरून ठेवणार नाही. तू तिला कबूल केलं होतंस, ते तुझं तू बघ."

देवदत्त बसून राहिला. मग त्याने लल्लनला कागद मागितला. क्रियेत लेखणी धरायची नव्हती, म्हणून तो सांगत गेला आणि लल्लनने डाव्या हाताने, गुडघ्यावर ठेवून, लिहिलं. कुत्री निरोगी आहे. परक्या हातचं पाणी ती घेत नाही, कारण मी तसं शिकवलं आहे. सगळा दोष माझा आहे. खाली देवदत्तने अंगठा उमटवला. गंगेच्या चिखलाचा ठसा.

लल्लन तो कागद घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आला नाही. निरोप मुक्तानेच आणला. साहेब म्हणाले होते, कागद वाचून कुत्री पाणी पीत नाही. मोघ्याला इतकं वाटतं तर मोघ्याने यावं.

"चलो, बाबा," मुक्ता म्हणाली. ती या वेळी चार हात लांब बसली नव्हती. त्याच्या अगदी समोर उभी होती. "रिक्षा नुक्कड़ पर खड़ा है."

"उद्या. उद्याचा पिंड झाला की लगेच."

"उद्या दुपारची वेळ दिलीय. आज ती उठतसुद्धा नाहीये. मैं देख के आई हूँ. जिभेला भेगा पडल्यात."

"उद्या तुझ्या आईची तहान भागायची आहे, मुक्ता."

"आई गेली, बाबा!" ती ओरडली. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. "आई तर गेली. वो तो है. वो अभी है."

"तुझ्या आईला मी दोन वर्षं पाणी मोजून दिलं," देवदत्त म्हणाला. "शेवटच्या दिवशी ती चौथा पेला मागत होती. मी नाही म्हणालो आणि ड्युटीवर गेलो. ती तशीच गेली. आता एक दिवस उरलाय."

मुक्ताने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला ती आपली वाटेना. "आईला पण मारलंत आणि तिला पण," ती हळूच म्हणाली आणि रिक्षावाल्याला परत पाठवायला गेली.

दहाव्या दिवशी पिंड दिला. गुरुजींनी सांगितलं तितकं पाणी सोडलं, आणि देवदत्तने आणखी एक लोटा सोडला.

"एवढं लागत नाही," गुरुजी म्हणाले.

"राहू दे."

आंघोळ केली, नवं धोतर नेसला आणि पायऱ्या चढून तो धावत सुटला. गल्लीत एका सांडाला वळसा घालताना पडला, उठला. पोलीस लाइनीत पोचला तेव्हा अकरा वाजायचे होते.

रोझीच्या खोलीबाहेर साहेब, जनावरांचे डॉक्टर, लल्लन आणि दोन शिपाई उभे होते. जाळीच्या आत जमिनीवर मांसाचे तीन तुकडे पडले होते. माश्या बसल्या होत्या.

"आइए, दीवानजी," साहेब म्हणाले. हवालदारांना ते असंच म्हणत. "आपका ही इंतजार था."

देवदत्तने दार उघडलं. रोझी कुशीवर पडली होती. फासळ्या मोजता आल्या असत्या. तिने डोकं उचललं नाही, पण नाकपुड्या हलल्या. मग शेपटी जमिनीवर एकदा आपटली, आणखी एकदा. त्याने ओंजळीत पाणी घेतलं. ती प्यायली. जीभ खरखरीत झाली होती, तळहाताला टोचत होती. तो ओंजळीवर ओंजळ देत गेला आणि ती पीत गेली.

"देखिए, साहब! पी रही है!" लल्लन ओरडला. "पागल नहीं है!"

रोझीने सगळं पाणी ओकून टाकलं. त्यात रक्त होतं.

डॉक्टर आत आले. देवदत्त जवळ असल्याने तिने त्यांना हात लावू दिला. त्यांनी पापणी उलटून पाहिली, पोट चाचपलं, हिरड्या दाबल्या. "पागल तो नहीं है," ते म्हणाले. "लेकिन गुर्दे गए, दोनों किडनी. चार दिन पहले आते तो बात और थी. अब दो दिन तड़पेगी, फिर जाएगी." त्यांनी साहेबांकडून कागद घेतला, 'पागल' हा शब्द खोडला आणि वर 'असाध्य' लिहिलं. तारखेला, सहीला धक्का लावावा लागला नाही.

"इंजेक्शन दे दीजिए, डॉक्टरसाहब," देवदत्त म्हणाला. "हम पकड़ते हैं."

"वो इंजेक्शन यहाँ नहीं मिलता. ऊपर से आते आते हफ्ता लगेगा. दवा मांस में डाली है." त्यांनी जमिनीवरच्या तुकड्यांकडे बोट केलं. "उठती तक नहीं थी, तो सुबह से ही तीन बार डाला. छूती नहीं."

साहेब जाळीला टेकले होते. "कमाल की ट्रेनिंग है, दीवानजी. भूखी मर रही है, पर जहर को देखती तक नहीं. इसी के लिए तो मेडल मिला था ना?" त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. मग ते म्हणाले, "अब दो ही रास्ते हैं. या तो तिवारी गोली चलाए. तिवारी का निशाना आप जानते हैं, होली में अपना ही पैर फोड़ लिया था. या फिर आप अपने हाथ से खिला दीजिए. आपके हाथ से तो खाती है."

शिपायांपैकी तिवारी होता तो खाली मान घालून हसला.

देवदत्तने लल्लनकडे पाहिलं. लल्लन दुसरीकडे बघत होता.

डॉक्टरांनी नवा तुकडा दिला. देवदत्तने तो तळहातावर घेतला आणि रोझीच्या नाकाशी नेला. दहा दिवस त्याने मांसाला हात लावला नव्हता. तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं. आतली दवा तिला कळली होती. बॉम्बचा वास दहा खोक्यांतून काढणारी कुत्री ती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"रोझी," तो म्हणाला. "खा."

ती तशीच बघत राहिली. तिला भूक उरली नव्हती. काही गिळावं अशी तिची अवस्थाही नव्हती.

"खा," तो पुन्हा म्हणाला. आवाज टेपवरच्यासारखा फाटला.

तिने तुकडा उचलला. चावायची ताकद नव्हती, म्हणून त्याने बोटाने आत ढकलला आणि घसा चोळला. तिने गिळला, आणि नेहमी गिळल्यावर करायची तसं त्याचं बोट चाटलं.

दहा मिनिटं, असं डॉक्टर म्हणाले होते. पाऊण तास लागला. पहिल्या दहा मिनिटांनंतर साहेब आपल्या खोलीत गेले. वीस मिनिटांनी तिवारीसुद्धा गेला. देवदत्तने तिचे पाय धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण ते सुटत होते. मध्ये एकदा ती ओरडली, तेव्हा लल्लनने कान झाकायला हात वर केले. त्यातला एक हात पट्टीमुळे कानापर्यंत पोचला नाही.

संपल्यावर लल्लन आत आला. त्याने आपला गमछा खांद्यावरून काढला, क्षणभर हातात धरला आणि परत खांद्यावर टाकला. तिच्यावर घालायला त्याने गोणपाट आणलं.

"जुलाई में नया पिल्ला आ रहा है," देवदत्त बाहेर पडताना साहेबांनी आपल्या खोलीच्या दारातून सांगितलं. "आप ही को देंगे. वो जो कागज भेजा था आपने, वो हमने फाइल में नहीं लगाया. समझ रहे हैं ना?"

"जी, साहब," देवदत्त म्हणाला.

घरी तो चालत आला. ऊन टाळूवर घेत, मैदागिनवरून, चौकातून. अंगणात आल्यावर तो नळापाशी थांबला. इंदूवहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, शिवलात ना तिला? मग थांबा तिथेच. मी पाणी सोडायला सांगते."

मुक्ता धावत बाहेर आली. आदल्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिने त्याच्या नव्या धोतराकडे पाहिलं. त्याच्यावर पाणी, चिखल आणि लाळेचे डाग होते.

"वेळेवर पोचलात?" तिने विचारलं.

"पोचलो."

"पानी पिया?"

"प्यायली."

"आणि खाल्लं? बाबा, खाया उसने?"

देवदत्तने नळाच्या तोटीवर हात ठेवला होता. हात फिरेना.

"खाल्लं," तो म्हणाला.

मुक्ताने दोन्ही हात तोंडावर नेले. दहा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झाला. ती तशीच मागे वळली आणि माजघराकडे पळत सुटली.

"काकू! काका! रोझीने खाल्लं! बाबांच्या हातून खाल्लं!"

आतून विष्णुपंतांचा आवाज आला, "मी म्हणत नव्हतो? दहा दिवसांनी काही होत नाही म्हणून?"

कुणीतरी आतून येऊन, अंग चोरून तोटी फिरवली आणि पाणी त्याच्या डोक्यावर पडायला लागलं.